बेडक्यात बुरशी सापडते तेव्हा

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाचा खोकला महिनाभर थांबत नाही. बेडका प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्टात एक ओळ येते: बुरशीची वाढ आढळली. या एका ओळीवरून दोन उलट निर्णय होऊ शकतात. एक डॉक्टर म्हणेल, तोंडातलीच कॅन्डिडा आली असणार, सोडून द्या. दुसरा म्हणेल, प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे, धोका कशाला घ्यायचा, फ्लुकोनॅझोल सुरू करू. दोघंही बरोबर असू शकतात आणि दोघंही चुकू शकतात, कारण बुरशी फुफ्फुसात नुसती मुक्कामाला आहे की फुफ्फुस पोखरते आहे, हे त्या ओळीवरून कळत नाही. माझं म्हणणं असं आहे, की त्यासाठी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: बुरशी कोणती, रुग्णाचा सीडी-४ (प्रतिकारशक्ती दाखवणारा पेशींचा आकडा) किती, आणि आधीच्या आजारानं फुफ्फुसात काय मागे ठेवलं आहे. पहिल्या दोन आपण थोड्याफार विचारतो. तिसरी राहून जाते. आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जिथे एचआयव्ही आणि क्षयरोग एकाच घरात, बऱ्याचदा एकाच छातीत भेटतात, तिथे ही तिसरीच सर्वांत मोलाची आहे.

जंतू अंगात असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं, हा भेद वर्ध्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. २०११च्या जनगणनेनुसार तेरा लाखांच्या या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी मेघे अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांपैकी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत झालेला एक अभ्यास २००५ साली ‘जामा’ या नियतकालिकात छापून आला. संस्थेतल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये क्षयाचा संसर्ग शोधण्यासाठी दोन चाचण्या केल्या होत्या, एक जुनी त्वचेवरची आणि एक रक्तातली इंटरफेरॉन-गॅमा चाचणी. जवळपास निम्मे कर्मचारी दोहोंपैकी एका तरी चाचणीत पॉझिटिव्ह निघाले. ही माणसं क्षयाचे रुग्ण नव्हती, रोजच्या कामावर येणारी होती. क्षयाच्या बाबतीत हा फरक आता नर्सिंगच्या विद्यार्थिनीलाही पाठ असतो आणि तो ओळखायची हत्यारंही हाताशी आहेत. बुरशीच्या बाबतीत तोच फरक दुप्पट अवघड होतो. इथे जंतू एक नाही, निदान चार-पाच आहेत, प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे, आणि बेडका ज्या वाटेनं बाहेर येतो त्या तोंडाघशातच बुरशीचं कायमचं घर असतं.

सर्वांत सोपी गोष्ट आधी संपवतो. सॅबुरो अगारच्या बशीवर बेडका पेरला, की दीड-दोन दिवसांत मलईसारखे पांढुरके, गुळगुळीत ठिपके उमटतात आणि झाकण उघडताच आंबवणाऱ्या यीस्टचा वास येतो. ती कॅन्डिडा. एचआयव्हीच्या रुग्णांच्या बेडक्यातून सर्वाधिक सापडणारी बुरशी हीच, आणि फुफ्फुसाच्या दृष्टीनं बहुतेक वेळा सर्वांत निरर्थकही हीच. बेल्जियममधल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं करून २००९ साली याचा निकाल लावला गेला. न्यूमोनिया सिद्ध झालेल्या १३५ जणांपैकी ७७ जणांच्या श्वासमार्गातून मृत्यूआधी कॅन्डिडा वाढली होती, पण फुफ्फुसाच्या ऊतीत कॅन्डिडाचा न्यूमोनिया त्यांतल्या एकातही सापडला नाही. ते रुग्ण एचआयव्हीचे नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. पण व्हेंटिलेटरवरच्या, अनेक अँटिबायोटिकं झालेल्या माणसांत जी गोष्ट घडत नाही, ती चालत ओपीडीत आलेल्या रुग्णात घडली आहे असं म्हणायचं, तर पुरावा म्हणून बायोप्सीच लागेल. एचआयव्हीत कॅन्डिडाला अर्थ असतो तो तोंडात आणि अन्ननलिकेत. जिभेवर पांढरा थर आणि गिळताना दुखणं हा सीडी-४ घसरल्याचा मोठा इशारा आहे. म्हणजे बेडक्यात कॅन्डिडा आली, तर छातीचं औषध लिहिण्याआधी रुग्णाला ‘आ’ करायला सांगावं.

न्यूमोसिस्टिसची गोष्ट अगदी उलटी. ही बुरशी बशीवर वाढतच नाही. १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी ती पाहिली, पण त्यांना ती ट्रिपॅनोसोमाची एक अवस्था वाटली. पुढे पाऊणशे वर्षं तिला परोपजीवी आदिजीव समजत आले. १९८८ साली तिच्या रायबोसोमच्या आरएनएचा क्रम तपासला, तेव्हा ती बुरशी ठरली, आणि माणसातल्या जातीला आता न्यूमोसिस्टिस जिरोवेसी म्हणतात. अमेरिकेत ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या आजाराची जी नोंद छापली गेली आणि जिच्यापासून एड्सचा लिखित इतिहास सुरू होतो, तो आजार याच बुरशीचा न्यूमोनिया होता. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून बुरशीवरची नेहमीची औषधं तिच्यावर चालत नाहीत. चालतं ते कोट्रायमॉक्साझोल, एरवी जिवाणूंसाठी वापरलं जाणारं स्वस्तातलं औषध. आणि ती माती-कचऱ्यातून येत नाही, माणसाकडून माणसाकडे हवेतून जाते. बहुतेक मुलांची तिच्याशी गाठ पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडलेली असते. चिलीमध्ये अपघाती किंवा हिंसक मृत्यू आलेल्या, एरवी धडधाकट असलेल्या प्रौढांच्या फुफ्फुसांत पीसीआरनं शोध घेतला, तर निम्म्याहून अधिकांत तिचा डीएनए मिळाला. अमेरिकेतल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या एका मोठ्या गटात, ज्यांचा मृत्यू या न्यूमोनियानं झाला नव्हता त्यांच्या फुफ्फुसांतही जवळपास निम्म्या वेळा ती सापडली, आणि धूम्रपान करणाऱ्यांत जास्त सापडली.

यावरून कुणी म्हणेल, की इतकी सर्रास असेल तर तिच्या मुक्कामाला काही अर्थच नाही. मला ते पटत नाही. पिट्सबर्गमधल्या ॲलिसन मॉरिस आणि सहकाऱ्यांनी ओपीडीत येणाऱ्या, न्यूमोनिया नसलेल्या एचआयव्ही रुग्णांची श्वासक्षमता मोजली, तेव्हा ज्यांच्यात न्यूमोसिस्टिसचा नुसता मुक्काम होता त्यांच्यात श्वासनलिका आकुंचन पावल्याचं प्रमाण जास्त दिसलं. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याचा वाद आहेच. बिघडलेल्या श्वासनलिकेत बुरशी अधिक टिकत असेल, असंही म्हणता येतं. पण २०१५ साली श्वासमार्गातल्या एकूण बुरशी-समाजाचा अभ्यास झाला, तेव्हाही फुफ्फुसाच्या खोल भागात न्यूमोसिस्टिसचं प्रमाण एचआयव्ही आणि श्वासमार्ग अरुंद करणारा जुनाट फुफ्फुसविकार असणाऱ्यांत वाढलेलं आढळलं. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी पोचलेला पुरावा हलका मानू नये. वर्ध्यापुरता याचा अर्थ साधा आहे. एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, सीडी-४ चांगला असलेला, विडी ओढणारा, चाळिशीतच जिना चढताना दम लागणारा माणूस आला, तर ‘वय झालं’ म्हणून त्याला परत पाठवू नये. त्याची स्पायरोमेट्री करावी आणि विडी सोडवण्याचा विषय गोळ्यांइतक्याच गंभीरपणे काढावा. आणि कोट्रायमॉक्साझोल चालू असेल, तर ‘सर्दीची गोळी’ समजून तो ते मध्येच बंद करत नाही ना, हे विचारावं. राष्ट्रीय कार्यक्रमात आज सीडी-४ साडेतीनशेच्या खाली असलेल्यांना ते देतात. मुक्काम आणि जीवघेणा न्यूमोनिया यांच्यामध्ये अनेकांच्या बाबतीत ही एक गोळीच उभी असते.

क्रिप्टोकॉकसबद्दल वाद घालायला जागा नाही. कबुतरांच्या विष्ठेत, झाडांच्या ढोलीत वाढणारी ही बुरशी श्वासातून आत जाते, आणि सीडी-४ शंभराच्या खाली असेल तर तिला मुक्कामाचा पाहुणा म्हणणं धोक्याचं आहे. तिचं प्रतिजन रक्तात मेंदूज्वराची लक्षणं दिसण्याच्या कित्येक दिवस आधी सापडतं. टांझानिया आणि झांबियातल्या चाचणीत, उशिरा एआरटी सुरू होणाऱ्या रुग्णांचं हे प्रतिजन तपासून वेळीच फ्लुकोनॅझोल दिलं आणि घरी जाऊन त्यांना आधार दिला, तर मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. बोटभर पट्टीवर दहा मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. इथे लक्षण नसतानाही उपचार करणं हेच शहाणपणाचं आहे. म्हणून ‘बुरशीचा मुक्काम’ असा एकच कप्पा करून सगळ्या जातींना त्यात कोंबणं मला चुकीचं वाटतं. कॅन्डिडाला लागू पडणारं दुर्लक्ष क्रिप्टोकॉकसला लावलं तर माणूस जातो.

आता ॲस्परजिलस, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे. हिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, थेट वायुकोशापर्यंत पोचणारे. ती सगळीकडे आहे. पण वर्ध्यात ती विशेष मुबलक असेल यात नवल नाही: पावसात भिजलेल्या सोयाबीनच्या गंजीत, थ्रेशरमधून उडणाऱ्या कुटारात, हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या धुळीत, चुलीसाठी अंगणात रचलेल्या ओलसर पऱ्हाट्यांत. आपण सगळेच ती दररोज शेकड्यांनी ओढतो आणि फुफ्फुसातल्या भक्षक पेशी तिचा निकाल लावतात. तिच्याशी लढणारं मुख्य सैन्य सीडी-४ पेशींचं नाही, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांचं आहे. त्यामुळेच एचआयव्हीच्या साथीच्या अगदी वाईट दिवसांतही ऊतीत घुसणारा ॲस्परजिलोसिस फार जास्त दिसला नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १४०हून अधिक एड्स रुग्णांची फुफ्फुसं शवविच्छेदनात तपासून २००१ साली निष्कर्ष छापले गेले. सुमारे ५९ टक्क्यांत क्षय होता. क्रिप्टोकॉकस, न्यूमोसिस्टिस आणि ॲस्परजिलस प्रत्येकी सहा टक्क्यांच्या आतबाहेर किंवा त्याहून कमी होते. मुक्त एआरटी मिळायला भारतात १ एप्रिल २००४ उजाडावा लागला, त्याच्या आधीचं हे चित्र आहे. त्यातून एक धडा सगळ्यांनी घेतला, की महाराष्ट्रातला एचआयव्हीचा छातीचा प्रश्न म्हणजे क्षय. तो धडा खरा होता. पण माणसं मरत होती तेव्हाचा तो धडा आहे, आणि आता माणसं जगत आहेत.

जगणाऱ्या माणसाच्या छातीत क्षय काय ठेवून जातो? पोकळी. आणि इथे एचआयव्हीचा एक विचित्र हिशोब लागतो. सीडी-४ फार खाली असताना क्षय झाला, तर पोकळ्या कमी पडतात, कारण ऊती पोखरणारी जळजळ उभी करायलाही प्रतिकारशक्तीच लागते. २०१७पासून सीडी-४ची वाट न पाहता निदान झाल्याबरोबर एआरटी देण्याचं धोरण आलं. म्हणजे प्रतिकारशक्ती शाबूत असताना क्षय होणारे, त्यातून पोकळी घेऊन बरे होणारे, आणि पुढे वीस-तीस वर्षं जगणारे एचआयव्हीबाधित वाढत जाणार. त्या पोकळीत ॲस्परजिलस उतरते. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात, उपचारानंतर छातीत अडीच सेंटिमीटर किंवा मोठी पोकळी उरलेल्या ५४४ रुग्णांना तपासलं, तर चौथ्या हिश्श्याच्या रक्तात ॲस्परजिलसविरुद्धची प्रतिद्रव्यं होती आणि १४ टक्क्यांच्या पोकळीत बुरशीचा गोळा दिसत होता. एक्स-रेवर तो ओळखता येतो: वरच्या खंडातली जुनी पोकळी, आत गुळगुळीत गोल सावली, तिच्या माथ्यावर हवेची बारीक चंद्रकोर. रुग्ण कुशीवर वळला, तर गोळाही कधी कधी जागा बदलतो. पण गोळा दिसणं ही उशिराची अवस्था. त्याआधी महिनोन्‌महिने नुसता खोकला असतो, वजन उतरत असतं, थकवा असतो, आणि बेडक्यात अधूनमधून रक्ताचा धागा. ही लक्षणं वाचताना कुणाच्याही मनात क्षयच येईल. रुग्णाच्या घरचेही म्हणतात, ‘टीबी परत आला.’ क्षयाची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, तरी संशयाचा फायदा म्हणून क्षयाचा दुसरा कोर्स सुरू होतो. सहा महिने रिफॅम्पिसिन खाऊन रुग्ण तिथेच राहतो, थोडा अधिक वाळलेला. भारतात या जुनाट ॲस्परजिलोसिसचे सुमारे २ लाख ९० हजार रुग्ण कोणत्याही वेळी असावेत, असा चंदीगडच्या रितेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांचा २०१४चा अंदाज आहे. अंदाज हा अंदाजच असतो, पण त्याची एक दशांश दखलही जिल्ह्याच्या कागदांत उमटत नाही.

या मांडणीवर सर्वांत बिनतोड आक्षेप युगांडातून येतो. गुलू शहरात क्षयातून बऱ्या झालेल्या लोकांचा दोन टप्प्यांत अभ्यास झाला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात निम्मे लोक एचआयव्हीबाधित होते. जुनाट ॲस्परजिलोसिस पोकळी असलेल्यांत २६ टक्के, पोकळी नसलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. आणि एचआयव्हीबाधितांत तो ३ टक्के, एचआयव्ही नसलेल्यांत ६.७ टक्के. म्हणजे एचआयव्हीत उलट कमीच! मग हा एचआयव्हीचा प्रश्न मानायचाच कशाला? पहिलं म्हणजे हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरत नाही. दुसरं, तो खरा मानला तरी माझं म्हणणं त्यानं मोडत नाही, उलट पक्कं होतं. धोका ठरवते ती पोकळी. एचआयव्हीबाधितांत पोकळ्या कमी होत्या तोवर धोका कमी होता. आज एआरटीनं त्यांची प्रतिकारशक्ती इतरांच्या जवळ आणली आहे, म्हणजे धोकाही इतरांच्या जवळ येणार, आणि क्षय होण्याची शक्यता त्यांच्यात मुळातच कितीतरी जास्त. सीडी-४ पाचशेच्या वर गेला की आपण निश्चिंत होतो, बुरशीचा विचार डोक्यातून काढतो. ॲस्परजिलसच्या बाबतीत नेमकं तेव्हाच जागं राहायला हवं.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. ग्रामीण रुग्णालयात क्षयाची तपासणी वेळेवर व्हायची मारामार, तिथे ॲस्परजिलसच्या आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या प्रतिद्रव्यांच्या तपासणीची, चैन कुणाला परवडणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं म्हणजे मजुराचा दिवस बुडतो आणि एसटीचं भाडं वेगळं. पण मी प्रत्येक बेडका पेरा असं म्हणत नाही. उलट म्हणतो, की सरसकट बेडका पेरणं थांबवा. जुनाट ॲस्परजिलोसिसमध्ये बेडक्याचं कल्चर पुष्कळदा निगेटिव्ह येतं, आणि छाती निरोगी असताना ते पॉझिटिव्हही येऊ शकतं. दोन्हीकडून फसवणाऱ्या तपासणीवर आज खर्च होणारा पैसा योग्य माणसाच्या रक्ततपासणीकडे वळवता येतो. योग्य माणूस सापडतो तो दोन प्रश्नांतून. एआरटी केंद्रात दर भेटीला खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम ही चार लक्षणं विचारतातच. त्यांना जोडून विचारायचं: पूर्वी टीबीचा कोर्स झाला आहे का, आणि बेडक्यातून रक्त पडतं का. उत्तर ‘हो’ असेल, लक्षणं तीन महिन्यांहून जुनी असतील, सीबीनॅट निगेटिव्ह असेल, तर जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावून पाहायचा. पोकळीची भिंत जाडावली असेल, आतली सावली बदलली असेल, तर ॲस्परजिलस आयजीजी आणि गरजेप्रमाणे सीटी. अशी माणसं वर्षाकाठी फार नसतील, म्हणूनच हे झेपण्यासारखं आहे. क्षयाचा कोर्स संपतो त्या दिवशी एक एक्स-रे काढून रुग्णाच्या हातात द्यावा. पुढे तुलना करायला तो नसला, की अनुभवी डोळाही आंधळा होतो.

तिसरा आक्षेप तरुण डॉक्टरांच्या मनात असतो: एवढी शहानिशा करण्यापेक्षा शंका आली की इट्राकोनॅझोल द्यावं, बिघडतं काय? पुष्कळ बिघडतं. क्षयाचा उपचार चालू असेल तर रिफॅम्पिसिन इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी इतकी पाडतं, की गोळी घेतली काय, न घेतली काय, सारखंच. रुग्ण दुसऱ्या फळीच्या एआरटीवर, रिटोनाव्हिरसह असेल, तर पातळी उलट चढते. यकृतावरचा ताण वेगळा. त्याहून महत्त्वाचं, हा उपचार आठ-पंधरा दिवसांचा नाही. चंदीगडच्याच २०१३च्या छोट्या चाचणीत इट्राकोनॅझोलवर ७६ टक्के रुग्ण सुधारले, नुसत्या आधार-उपचारावर ३६ टक्के. २०२२ला छापलेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने औषध घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांत दोन वर्षांच्या आत आजार उलटला, वर्षभर घेणाऱ्यांत १० टक्क्यांत. एवढं लांबचं औषध नुसत्या शंकेवर सुरू करणं आणि दोन महिन्यांनी परवडत नाही म्हणून सोडून देणं हे सर्वांत वाईट. जंतू मारलाही जात नाही आणि औषधाला सरावतो. दम लागतो म्हणून दिलेल्या स्टेरॉइडचंही तेच. पोकळीत शांत बसलेल्या बुरशीला त्यानं रान मोकळं होतं, आणि २०२१ साली कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसनं ही किंमत अख्ख्या महाराष्ट्राला मोजायला लावली.

औषधाला सरावण्याची ही भीती फक्त दवाखान्यापुरती नाही. २०१२च्या सुमारास दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या रुग्णांत आणि परिसरातल्या मातीतही ॲझोल औषधांना न जुमानणारी ॲस्परजिलस दाखवून दिली. तिच्यातला जनुकीय बदल युरोपातल्या शेतांशी जोडला गेलेलाच होता. सोयाबीनवर आणि संत्र्यावर फवारायच्या टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल या औषधांचं घराणं तेच, जे माणसाच्या इट्राकोनॅझोलचं. त्यामुळे वर्ध्यात एखाद्या रुग्णात ॲस्परजिलस खरोखरच आजाराचं कारण ठरली आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर त्या बशीवरच्या राखी-हिरव्या भुकटीची औषधसंवेदनशीलता तपासायला हवी. तोवर ती बशी फेकून देऊ नये. आणि रुग्ण शेतमजूर असेल, तर तो कोणत्या पिकावर काय फवारतो, हेही त्याच्या केसपेपरवर लिहून ठेवावं.